पुढची फळी

संपादक महाराज, तुमच्या या सदरात जे काही छापून येतं ते मी न चुकता वाचतो. मासिक सुनेचं आहे, आणि दुपारी मला झोप येत नाही, एवढंच कारण. पांढरी साडी, चिंचेचं झाड, उलटे पाय, रस्त्यात गाडीला हात दाखवणारी बाई... अहो, या बायांना दुसरी कामं नाहीत का? गेल्या अंकात तर एका गृहस्थांनी मेलेल्या मामांशी पाऊण तास गप्पा मारल्या म्हणे. मामा जिवंत होते तेव्हा हे त्यांच्याजवळ पाच मिनिटं तरी टेकले होते का, ते काही लिहिलेलं नाही.

"माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता" असं लिहून सगळे सुरुवात करतात आणि शेवटी गंडा बांधून मोकळे होतात. माझा तेव्हा नव्हता आणि आजही नाही. वय एक्याऐंशी, देवाला नमस्कार फक्त बायकोच्या समाधानासाठी करत आलो, आता तीही गेली म्हणून तोही बंद. तरीसुद्धा एक गोष्ट आहे. ती सांगून टाकतो. तुमच्या वाचकांना आवडणार नाही, कारण तिच्यात भूत दिसत नाही.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी पंचविशीतला, पाणीपुरवठ्याच्या कामावर ओव्हरसिअर. बदलापूरला उल्हास नदीवर आमचा बंधारा होता, काठावर पंपघर, आणि तिथून पाणी अंबरनाथकडे आणि कॅम्पाकडे जायचं. कॅम्प म्हणजे हल्लीचं उल्हासनगर. नाव नवीन पडलं होतं, पण तोंडात कोणाच्या बसलं नव्हतं. मी बेलवलीत एक खोली घेऊन राहायचो आणि सायकलने नदीवर जायचो. काम काय, तर पाण्याची पातळी लिहायची आणि महिन्यातून चार वेळा होडीतून बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला फिरून तळाशी गाळ किती साचला ते बांबूने मोजायचं. सोळा फुटी लाकडी होडी. बसायला आडव्या तीन फळ्या — मागची, मधली, पुढची.

होडी चालवायला खात्याने गणू तांडेल नावाचा माणूस रोजंदारीवर ठेवला होता. हा दापोलीकडचा. उमेदीची वीस वर्षं गलबतावर काढलेली, मंगळुरी कौलं आणि मीठ वाहिलेलं. चाळिशीचा असेल, पण उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने साठीचा दिसायचा. वल्ही अशी मारायचा की बांबूची खूण एक बोट इकडची तिकडे व्हायची नाही. कामाला वाघ. आणि डोक्याने... काय सांगू तुम्हाला!

पहिल्याच दिवशी मी होडीत पाय ठेवला तर म्हणतो, "सायेब, चप्पल काडा. आनि उजवा पाय."

मी म्हटलं, "का रे बाबा? होडीचं लग्न आहे का?"

हसला नाही. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून तो कपाळाला लावायचा, मगच चढायचा. होडीत शीळ घालायची नाही. शीळ घातली की वारा ऐकतो म्हणे, आणि बोलावल्यासारखा येतो. आणि "बुडणे" हा शब्द होडीत उच्चारायचा नाही. आता माझं सगळं काम बांबू पाण्यात बुडवायचं! मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचो, "बघ गणू, बांबू किती बुडाला?" हा पठ्ठ्या खाली मान घालून सांगायचा, "सात फूट पानी प्याला सायेब." सूर्यसुद्धा याच्या होडीत मावळायचाच फक्त, बुडायचा नाही. मी घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवायचो, आणि ती पदर तोंडाला लावून हसायची.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण पुढची फळी!

त्या फळीवर कोणी बसायचं नाही. सामानसुद्धा ठेवायचं नाही. सकाळी ती तो स्वतःच्या पंच्याने पुसायचा, भाकरीचा पहिला तुकडा तिच्यावर ठेवायचा, आणि होडी काठावरून ढकलायच्या आधी त्या रिकाम्या फळीकडे बघून विचारायचा, "बसलास?" मग श्वासभर थांबायचा. मग वल्ही हातात घ्यायचा.

"कोणाला विचारतोस रे?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"पांड्याला. माजा धाकला भाऊ."

त्याचा भाऊ पांडू त्याच्याच गलबतावर होता. वेंगुर्ल्याच्या पुढे कुठेतरी लाटेने उचलून नेला, परत दिला नाही. त्यांच्या बंदरात रीत अशी, की समुद्राने परत दिला नाही त्याची जागा होडीच्या पुढे ठेवायची. तो पुढे बसून वाट बघतो, मागच्यांना सांभाळून नेतो. गणूने हे सांगितलं ते अगदी भाजीचा भाव सांगावा तसं.

"अरे, समुद्रात गेला तो," मी म्हटलं, "उल्हास नदीत कसा आला? कल्याणला गाडी बदलून?"

"ज्या होडीत मी, त्या होडीत तो, सायेब."

"आणि तुझी भाकर तर रोज कावळा खातो. माझ्या डोळ्यांसमोर!"

"मंग? त्यालाबी पोट हाय."

अशा माणसाशी वाद तरी काय घालणार? मी कपाळाला हात लावला.

याला साथ द्यायला आणखी एक नमुना होता. होतूमल. कॅम्पात बरॅकमध्ये राहायचा, सिंधहून आलेला, आमच्या पंपघराच्या शेडचं दुरुस्तीचं काम त्याच्याकडे होतं. अंगाने भरलेला, डोक्यावर पांढरी टोपी, दर वाक्याला "साईं". नवा चंद्र दिसला की दुसऱ्या दिवशी हा घरून मूठभर तांदूळ आणि साखर आणून नदीत सोडायचा. त्याला ते लोक अखो म्हणतात. माझ्या बंधाऱ्यात तांदूळ! मी म्हटलं, "होतूमल, आधीच गाळ मोजून माझी कंबर मोडली, त्यात तुम्ही खीर शिजवताय." तो म्हणाला, "साईं, दरिया को देने का. हम सब कुछ उधर छोड़ के आया, पण ये नहीं छोड़ा."

गणूला हिंदी धड येत नव्हती, होतूमलला मराठी येत नव्हती. पण हे दोघे दुपारी पंपघराच्या सावलीत शेजारी बसून तासन्‌तास बोलायचे. एक समुद्राबद्दल, एक सिंधूबद्दल. मूर्खपणाला दुभाषा लागत नाही, असं मी तेव्हा म्हणायचो. फार हुशार वाटायचं मला ते वाक्य.

एकदा मी ठरवलं की हे खूळ कायमचं उतरवायचं. जानेवारीतली दुपार, नदी तेलासारखी संथ. मी स्टोअरमधून पाणसळ आणली. ती पट्टी असते ना काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, गवंडी वापरतात ती. होडीच्या तळाला लांबीने ठेवली. होडीत पुढे पाव शेर वजन वाढलं तरी बुडबुडा मागे सरकणार. साधा हिशोब आहे, याला श्रद्धा लागत नाही. गणूला काठावर उभं केलं आणि म्हटलं, "बोलाव तुझ्या भावाला."

"असा कसा बोलवू?"

"हुकूम आहे."

तो बिचारा दहा वेळा म्हणाला, "बसलास?" मी दहाही वेळा बुडबुडा पाहिला. ढिम्म! केसभर हलला नाही. होतूमल बाजूला उभा राहून बघत होता. मी पाणसळ बगलेत मारली आणि म्हटलं, "झालं? तुझा भाऊ रजेवर आहे."

गणू पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलला. "सायेब, होडी जायाची नाय कुटं. मंग तो कशाला बसंल? तमाशाला?"

बघा, म्हणजे प्रयोग फसला तरी हे बरोबरच! मी आठ दिवस हा किस्सा सगळ्यांना सांगत होतो.

आता मुद्द्याचं. गणूला तीन वर्षं रोजंदारीवर झाली होती, आणि त्याला पर्मनंट करायचा कागद त्या वर्षी हलला होता. पर्मनंट झाला की पंपघराच्या मागच्या चाळीत एक खोली मिळणार होती. त्याची बायको आणि अकरा वर्षांची मुलगी गोदी गावाला थोरल्या दिराच्या दारात पडून होत्या. दीर रोज घराबाहेर काढायची भाषा करायचा. दोन वर्षांत गणू त्यांना एकदा भेटला होता. त्या रिकाम्या खोलीत तो दिवसातून एकदा डोकावून यायचा. चूल कुठे मांडायची ते त्याने वितीने मोजून ठेवलं होतं. खोलीच्या मागे शेवग्याचा एक फाटा आणून रोवला होता, आणि त्याला घागरीने पाणी घालायचा. "गोदीला शेंगा लई आवडतात," म्हणाला. एवढा एकच विषय असा होता की त्यावर तो हसून बोलायचा.

त्या कागदावर शेवटचा शेरा माझा होता.

सप्टेंबरात मुंबईहून मोठे साहेब तपासणीला येणार असं कळलं. पाऊस ओसरला की गाळ किती साचला ते त्यांना स्वतः होडीतून बघायचं होतं. मी गणूला बोलावून सांगितलं, "हे बघ, साहेबांसमोर ती नाटकं चालायची नाहीत. नाळेला शिवणं नाही, फळी पुसणं नाही, भाकर नाही, ते 'बसलास' तर मुळीच नाही. पुढून सगळी नदी दिसते, तेव्हा पुढची फळी साहेबांची. साहेब खूश झाले तर त्याच संध्याकाळी तुझ्या कागदावर सही करतो. नाहीतर गोदीला सांग, शेंगा गावालाच खा."

हे शेवटचं वाक्य मी खरंच बोललो. आता लिहिताना हात अडखळतो, पण बोललो.

गणू बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "बरं सायेब."

साहेब आले. सकाळचे दहा वाजले असतील. जीप, खाकी हॅट, चकचकीत बूट. नदी चार दिवस उतरत होती, पण घाटाकडे पाऊस झाला असावा, त्या सकाळी हातभर चढली होती. गढूळ पाणी, बंधाऱ्यावरून सलग पडत होतं आणि त्याचा आवाज पंपघरापर्यंत येत होता. साहेब बुटासकट होडीत चढले... डावा पाय. जाऊन पुढच्या फळीवर बसले, एक पाय दुसऱ्यावर टाकला आणि, देवाशप्पथ सांगतो, शीळ वाजवायला लागले!

मला आतून हसू फुटत होतं. मी मागच्या फळीवर बसलो. गणू मधल्या फळीवर, वल्ही हातात. त्याने मान वळवून एकदा पुढे पाहिलं. मग वल्ही खाली ठेवली.

"सायेब, मी जायाचा नाय."

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब, बरं नाहीये त्याला," मी म्हटलं आणि दात ओठ खाऊन गणूकडे पाहिलं. तो होडीतून उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि साहेबांपुढे हात जोडले.

"सायेब, एक फळी मागं या. येवडंच. तुमी मदी बसा, मी वल्ही उभ्यानं मारतो. पाय धरतो तुमचे. जागा भरली तर तो बसंल कुटं?"

पाणी जास्त आहे, असं तो म्हणाला असता तर मी ऐकलं असतं. ऐकलं असतं असं आता म्हणतो. पण तो पाण्याबद्दल बोललाच नाही. त्याला पाण्याची भीती नव्हतीच.

आणि ऐका, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. साहेब उठत होते. त्यांना काही कळलं नव्हतं, पण भला माणूस होता, फळी धरून अर्धवट उठलेही होते. मीच म्हणालो, "बसा साहेब, उठू नका. हे असलेच. यांचं ऐकायला लागलो तर खातं बंद करावं लागेल. मी नेतो तुम्हाला."

वल्ही मारायला काय कॉलेजात जावं लागतं? उन्हाळ्यात दोन-चारदा मारली होती मी. गणू होडी सोडेना म्हणून मी त्याचा हात झटकला आणि मधल्या फळीवर बसून वल्ही उचलली. काठावर होतूमल उभा होता. तो म्हणाला, "साईं, दरिया से ज़िद नहीं करने का." मी म्हटलं, "तुम्ही तुमचे पत्रे ठोका."

पहिली काही मिनिटं झकास गेली. मधोमध आलो तेव्हा कळलं की मी वल्ही मारतोय एकीकडे आणि होडी चाललीय दुसरीकडे, म्हणजे बंधाऱ्याकडे. जोर लावला. तेवढ्यात वरून वाहत आलेलं एक खोड उजव्या वल्ह्यावर आदळलं आणि वल्हं हातातून सुटून गेलं. होडी गरकन फिरली. होडीच्या काठावरून एक लाट आत आली, तळाशी चार बोटं पाणी झालं. साहेबांची हॅट निसटून पाण्यात पडली, आमच्यापुढे पुढे तरंगत गेली, बंधाऱ्याच्या कडेला क्षणभर अडकली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. खाली दगड होते. मीच मोजलेले, अठरा फूट खाली.

साहेब पुढच्या फळीवरून रांगत मागे आले आणि मला मिठी मारून बसले, डोळे गच्च मिटून. आम्ही दोघे सरकत सरकत मागच्या फळीला चिकटलो. दोघांचं मिळून चार मण वजन होडीच्या मागच्या टोकाला. नाळ अशी वर उचलली गेली की पुढचं काही दिसेना. आतलं सगळं पाणी मागे येऊन आमच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. उरलेलं वल्हं मी कधी टाकलं ते मला आठवत नाही. बंधारा शंभर हातांवर, मग सत्तर, मग पन्नास.

काठावरून गणू ओरडला. तो कमरेपर्यंत पाण्यात आला होता. पण तो आम्हाला ओरडत नव्हता. "बस! जागा झाली रे! पांड्या, बस!"

आणि माझ्या पायातलं पाणी गेलं.

नीट वाचा, मी काय लिहितोय ते. पोटरीपर्यंत असलेलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत होडीच्या तळावरून पुढे वाहत गेलं, खुळखुळ आवाज करत, आणि पुढच्या फळीखाली जाऊन थांबलं. नाळ खाली आली. मला तिच्यावरून पलीकडचा काठ दिसला, काठावरची म्हैस दिसली. दोन माणसं मागे, पुढे कोणी नाही, आणि होडी पुढच्या बाजूला झुकलेली. पाणी उताराकडेच जातं. माझा उभा जन्म त्या एका वाक्यावर पगार घेण्यात गेलाय.

मग होडीने तोंड फिरवलं. वल्हं नाही, बांबू नाही, वारा नाही. संध्याकाळी गुरं घराकडे वळतात तशी सावकाश वळली, आणि प्रवाहाच्या उलट, तिरकी, काठाकडे निघाली. बंधाऱ्याचा आवाज मागे पडत गेला. तेवढा सगळा वेळ पाणी पुढेच होतं. झटक्याने पुढे गेलेलं पाणी परत मागे येतं, हे येत नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होतो. दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

नाळ गणूच्या हातात आली. त्याने होडी धरली आणि त्याच क्षणी सगळं पाणी सळकन मागे आमच्या पायांवर आलं.

गणूने डोक्याचा पंचा काढून पुढची फळी पुसली. साहेबांच्या बुटांचा चिखल होता तिच्यावर.

साहेबांनी डोळे उघडले. काठ पाहिला, मला पाहिलं, आणि माझी पाठ थोपटली. "शाब्बास, ओव्हरसिअर! एका वल्ह्यावर आणलीत की हो! तुम्ही होता म्हणून वाचलो."

आता मी काय बोलायला हवं होतं, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मी म्हणालो, "कर्तव्यच आहे साहेब."

गणूने ऐकलं. होतूमलने ऐकलं.

जीपमध्ये बसताना साहेब म्हणाले, "त्या होडीवाल्याचं काय ते बघा. ऐन वेळी पाय काढतो म्हणजे काय?" त्या संध्याकाळी मी कागद पुढे ओढला. खरं लिहायचं तर काय लिहिणार होतो? की याच्या मेलेल्या भावाने आम्हाला काठाला लावलं? लोकांनी मला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं असतं. आणि निदान एवढं तरी लिहायचं, की हा माणूस नाही म्हणत होता आणि बरोबर म्हणत होता, मीच गाढव, तर साहेबांची शाब्बासकी गेली असती. मी लिहिलं: हुकूम पाळत नाही, अंधश्रद्धाळू, नदीवरील कामास अयोग्य. खाली सही केली. अक्षर चांगलं आहे माझं.

चार दिवसांनी गणूला काढलं. तो वळकटी घेऊन पंपघरात आला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "सायेब, आता बसा कुटंपन. फुडंबी बसा. तो माज्यासंगं चाललाय." आणि जाताना मागे वळून शेवग्याच्या फाट्याला घागरभर पाणी घालून गेला.

मी माणूस हट्टी. पुढच्या सप्टेंबरात पाणी तेवढंच चढलं तेव्हा मी त्या जागी भुसा टाकून पाहिला, लाकडाचे तुकडे सोडले, दोरी बांधून रिकामी होडीसुद्धा सोडून पाहिली. काठाजवळ उलटा प्रवाह असेल, भोवरा असेल, काहीतरी असेल असं वाटत होतं. सगळं सरळ बंधाऱ्याकडे गेलं. होडी तर दोरीने तिघांनी ओढून आणावी लागली. दोन जण मागे बसवून, आत पाणी ओतून तेही केलं, उथळ पाण्यात. पाणी मागेच राहिलं. एका प्रोफेसराला विचारलं, त्याने कागदावर बाणबिण काढले आणि चहा पिऊन गेला. तुमच्यातल्या कोणा शहाण्याला सुचलं तर कळवा. आणि कोणी अमावास्या, नारळ, लिंबू असलं काही कळवलं तर पत्र फाडून टाकीन, आधीच सांगतो.

दोन वर्षांनी कॅम्पात होतूमलचं दुकान लागलं होतं, लोखंडी सामानाचं. मी खिळे घ्यायला गेलो. त्याच्या दुकानात चहा घेतल्याशिवाय गिऱ्हाईक सुटायचं नाही, त्याची ख्यातीच होती तशी. त्याने खिळे तोलून दिले.

मी विचारलं, "गणूचं काही कळलं का?"

"मेरे पास था छह महीना. गोदाम में बोरी उठाता था." मग तराजू पुसत म्हणाला, "दरिया का आदमी, साईं. बोरी के नीचे कमर टूट गया. गाँव चला गया. खत आता था, अभी नहीं आता."

मी थोडा वेळ उभा राहिलो. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्ची दिली आणि चहा मागवला. मला विचारलंही नाही.

ती चाळीतली खोली दुसऱ्या कोणाला मिळाली. शेवगा मात्र वाढला, चांगला छपराच्या वर गेला. दर उन्हाळ्यात त्या खोलीतली बाई आम्हाला शेंगा पाठवायची, आणि माझी बायको आमटी करायची. तिला काही माहीत नव्हतं. मी ती आमटी नऊ वर्षं खाल्ली, बदली होईपर्यंत.

ते चार बोटं पाणी पुढे का गेलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. भुतावर माझा विश्वास बसला नाही आणि आता बसायला वेळही उरलेला नाही. पण तुमचे वाचक विचारतात ना, की सगळ्यात भीती कशाची वाटली? त्या होडीत नाही वाटली. त्या संध्याकाळी सही केल्यावर मी कागद टिपला, घरी गेलो, जेवलो, आणि मला गाढ झोप लागली. त्याची वाटते.